उणे दोनशे

कल्पना करा, तुमच्यासमोर एक मोठी काचेची बाटली आहे. तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवली आहे आणि पट्टीवर पेन्सिलीने रेघा मारल्या आहेत. सकाळी बाटलीत बरोबर दीड लिटर पाणी भरलं. त्यातलं पेलाभर तुम्ही प्यायलात. आता सांगा, पाणी कमी झालं की वाढलं?

कमी झालं म्हणालात ना? भिंगरीचे आजोबाही तेच म्हणाले असते. चौतीस वर्षं घरोघरी जाऊन त्यांनी पाण्याचे मीटर वाचले होते, त्यामुळे पाण्याच्या आकड्यात त्यांना कोणी फसवू शकत नसे. पण त्या सकाळी साडेदहाला ते पेलाभर पाणी प्यायले, वहीत 'शिल्लक तेराशे' असं लिहिलं आणि दाढी करून आले. बघतात तर बाटलीत पुन्हा पंधराशे!

"अगं, या बाटलीला कुणी हात लावला का?" आजोबांनी विचारलं.

"मला काय दुसरी कामं नाहीत?" आजी स्वयंपाकघरातून म्हणाली.

आजोबांनी चष्मा पुसला, पुन्हा रेघ बघितली. खोटा आकडा त्यांनी आयुष्यात लिहिला नव्हता. त्यांनी वहीत लिहिलं, 'साडेअकरा. प्यायलो : उणे दोनशे.'

या वहीचं कारण असं. आजोबांचं हृदय जरा थकलं होतं. अंगात साचणारं जास्तीचं पाणी बाहेर काढायला डॉक्टरीणबाईंनी त्यांना एक गोळी दिली होती. पण रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडांचा आकडा वाढलेला निघाला.

"पाणी फार झालं तर हृदय दमतं, फार कमी झालं तर मूत्रपिंडं कुरकुर करतात," बाई म्हणाल्या होत्या. "म्हणून तुमच्यासाठी दिवसाला दीड लिटर. किती प्यायलात ते लिहून ठेवा आणि आठ दिवसांनी रक्त तपासून या. काही गडबड दिसली तर दवाखान्यात ठेवून घेईन."

दवाखान्यात राहायचं आजोबांना मुळीच नको होतं. मागच्या खेपेला अकरा दिवस राहिले होते. शेजारच्या खाटेवरचा माणूस अकराही दिवस आपल्या जावयाबद्दलच बोलत होता.

तर त्या दिवशी जेवताना आजोबा आणखी पेलाभर प्यायले आणि मग डुलकी काढून उठले. बाटलीत तेराशेऐवजी अकराशे! पेला तर कोरडा होता. त्यांनी बराच विचार करून लिहिलं, 'अडीच. प्यायलो : दोनशे. झोपेत.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाटली ताटात ठेवली. गळती असेल तर ताट ओलं होईल. ताट कोरडं राहिलं. तिसऱ्या दिवशी बाटली खिडकीपासून लांब, कपाटावर ठेवली. अकरा वाजता पाणी वाढलं आणि दोन वाजता घटलं, अगदी वेळेवर.

"भिंगरे," ते हळूच नातीला म्हणाले, "माझं डोकं तर नाही ना फिरलं?"

भिंगरी आठ वर्षांची. तिने पटकन तोंडात पाव कोंबला.

तिला सगळं ठाऊक होतं, पण तिची पंचाईत झाली होती. पहिल्याच दिवशी तिने आजीला बाटलीत पेलाभर पाणी ओतताना पकडलं होतं.

"अगं, त्या गोळीनं बिचारे दर अर्ध्या तासाला मोरीत पळतायत," आजी कुजबुजली होती. "मूत्रपिंडांना काय उरणार? कुणाला सांगशील तर बघ! घे माझी शपथ."

तिने शपथ घेतली. त्याच दुपारी चष्म्याच्या दुकानातून जेवायला घरी आलेले बाबा बाटली घेऊन मोरीकडे निघालेले तिला दिसले.

"आजोबांच्या पायांना सूज आली होती, आठवतं ना?" बाबा म्हणाले. "आणि बाटली बघ, दुपार झाली तरी जवळजवळ भरलेलीच. रात्री घटाघट पितील आणि मग धाप लागेल. पेलाभर कमी केलेलं बरं. आजीला बोलू नकोस हं. घे शपथ."

एका बाटलीपायी दोन शपथा! आठवडाभर भिंगरी घरात कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती. आजोबांनी काही विचारलं की ती पाव खायची. घरातला पाव रोज संपायला लागला, तेव्हा आजोबांनी पावाचीही नोंद सुरू केली.

आठव्या दिवशी आजोबा बाटली आणि वही घेऊन दवाखान्यात गेले. बरोबर आजी, बाबा आणि भिंगरी होतेच.

"वा!" रक्ताचा कागद बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मूत्रपिंडांचा आकडा उतरला की! वजन जिथल्या तिथं, पायांना सूज नाही. पाणी अगदी बेताचं प्यायलात तुम्ही."

आजी गालात हसली. बाबाही गालात हसले. आपल्यामुळेच हे झालं, अशी दोघांचीही खात्री होती.

मग बाईंनी वही उघडली. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"उणे दोनशे प्यायलात म्हणजे काय?"

"जे दिसलं ते लिहिलं," आजोबा म्हणाले.

"आणि हे रोज झोपेत दोनशे?"

"रोज. दोनच्या सुमारास."

"बरं, आज वार कोणता?"

"शुक्रवार. अहो, मला वार समजतो! समजत नाही ती बाटली."

बाईंनी वही मिटली. "आजोबा, या गोळीनं कधी कधी रक्तातलं मीठ उतरतं आणि माणूस गोंधळतो. उतरलं असेल तर ते अंगावर काढून चालत नाही. आज दाखल व्हा. मीठ तपासू, डोक्याचा फोटो काढू. चार दिवस तरी राहावं लागेल."

आजोबांचा चेहरा पडला. त्यांनी बाटली मांडीवर घट्ट धरली.

"राहायलाच पाहिजे का?" आजीने विचारलं. पण बाबा शेजारीच होते, म्हणून बाटलीबद्दल बोलायचं तिने टाळलं. बाबा आजीकडे बघत होते आणि तिच्यासमोर तेही बाटलीचं नाव काढेनात. बाईंनी तोवर दाखल करायचा कागद लिहायला घेतला.

भिंगरीने एकदा आजीकडे बघितलं. एकदा बाबांकडे बघितलं. शपथ होती ती तोंडाने सांगायचं नाही एवढीच.

ती उठली. तिने आजोबांच्या मांडीवरची बाटली उचलून बाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंच्या तांब्यातलं पाणी पेल्यात घेतलं आणि आजीच्या नजरेला नजर देत पेला बाटलीत रिकामा केला. मग बाटली उचलून कोपऱ्यातल्या हात धुवायच्या भांड्यापाशी नेली आणि बाबांकडे टक लावून बघत पेलाभर पाणी ओतून दिलं.

आजी छताकडे बघायला लागली. बाबा बांधलेली बुटांची नाडी पुन्हा बांधू लागले. बाईंचं पेन कागदावर थांबलं.

भिंगरीने बाटली परत आजोबांच्या मांडीवर ठेवली, फ्रॉकला हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी कुणाला काही सांगितलेलं नाही हं!"