नालवाडीच्या डिस्कवरचा लाल ठसा

मनोहररावांनी जे कार्ड छापून घेतलं होतं त्यावर ‘खाजगी गुप्तहेर’ हे शब्द त्यांच्या नावापेक्षा मोठे होते. खाली बारीक अक्षरात ‘सूक्ष्म निरीक्षण, अचूक निदान, एकतीस वर्षांचा अनुभव’. अनुभव एसटीत तिकिटं तपासण्याचा होता, तेवढं कार्डावर मावलं नाही. माणसाची मान पाहून त्यानं तिकीट काढलंय की नाही ते आपण ओळखतो, असं ते भेटेल त्याला सांगत. आर्वीच्या गाडीत एकदा अशीच मान पाहून धरलेला माणूस नवा आलेला डेपो मॅनेजर निघाला, हे फक्त महादेवरावांना ठाऊक होतं.

महादेवराव म्हणजे त्यांचे साडू. बायका सख्ख्या बहिणी असल्यामुळे सुटका नव्हती. स्कूटर महादेवरावांची, पेट्रोलही त्यांचंच; डोकं तेवढं मनोहररावांचं, आणि ते काही चालवायला लागत नसे.

बुधवारी सकाळी दोघं नालवाडीला शकुंतलाबाईंच्या मळ्यात मेथी घ्यायला गेले, तर बाई जुडी बांधायची सोडून डोळे पुसत बसलेल्या. झालं. मनोहररावांनी पिशवी साडूच्या हाती दिली आणि कार्ड काढलं.

प्रकरण असं होतं. बाईंचे यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं. फोटो पुष्कळ होते, पण आवाज कुठंच नव्हता. फोनवर तो माणूस ‘हो’ आणि ‘ठेव’ यांपलीकडे कधी बोलला नाही. बोललेला असलाच तर मुलीच्या, रक्षाच्या, लग्नात. ते लग्न अकरा वर्षांपूर्वी वर्ध्याच्या रुपेश शूटिंगवाल्यानं काढलं होतं. डीव्हीडीचं युग संपलं, आता पुढचा जमाना ब्लू-रेचा, शंभर वर्षं हलणार नाही, असं सांगून त्यानं एकच चकचकीत डिस्क हाती ठेवली. ती घरच्या डीव्हीडी प्लेयरनं ओळखली नाही आणि शेजारच्यानंही नाही. पुढचा जमाना आला आणि नालवाडीला न थांबता निघून गेला. डिस्क शालूच्या घडीत पडून राहिली.

तिला चालवणारा प्लेयर आता वर्ध्यात एकट्या रुपेशकडे उरला होता, आणि तोही त्यानं यवतमाळच्या कुणाला विकून टाकलेला. त्याच बुधवारी पाचला तो माणूस प्लेयर न्यायला रुपेशकडे येणार. बाईंनी मंगळवारी हातापाया पडून तो घरी आणला, संध्याकाळी लावला. बँड दिसला, नवरदेवाचा घोडा दिसला, पंगत बसायला लागली आणि लाईन गेली. सकाळी पुन्हा लावला तर टीव्हीवर एवढंच: नो डिस्क.

“आत टाकली हाय माय, मी काय आंधळी हाओ?” बाई म्हणाल्या. “थो म्हन्ते, नाईच.”

रात्री डिस्क कुठं होती, असं मनोहररावांनी दरडावून विचारलं. मध्यरात्री लाईन आल्यावर काढून देवघरात ठेवली, असं बाईंनी सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि त्यावर काट मारली. देवघरात गुन्हा घडत नसतो, हा त्यांचा सिद्धांत होता.

महादेवरावांनी रुपेशला फोन लावला. रुपेश म्हणाला, या यंत्रांचा असाच लहरी कारभार. आधी पाच मिनिटं विचार करतात, मग अपडेट मागतात, आणि ते अपडेट देणारी साइट केव्हाच बंद पडली. बंद करा, चालू करा, नशिबावर सोडा. मनोहररावांना नशीब मंजूर नव्हतं. त्यांनी प्लेयरचं माहितीपत्रक वाचलं आणि डिस्क ज्या प्रदेशाची त्याच प्रदेशात चालते असं त्यात आढळताच जाहीर केलं की डिस्क पुण्याकडची आहे, विदर्भात ती मुद्दामच चालत नाही. मग काल बँड कसा वाजला, असं महादेवरावांनी विचारलं. बँडला प्रदेश नसतो, असं उत्तर मिळालं.

अकरा वाजता त्यांनी डिस्क उन्हात धरली आणि श्वास रोखला. चकचकीत बाजूवर बोटाचा लाल ठसा होता.

“कोनी हात लावू नका,” ते म्हणाले. “गुन्हेगार हाय इथं.”

डिस्क मेथीच्या पिशवीत घालून गाठ मारली गेली. मग गुन्हेगार घडायला लागला. आधी तो पान खाणारा होता. मग तो व्याह्यांकडचा झाला, ज्यानं पंगतीत नऊ जिलब्या दाबल्या आणि आता पुरावा नको आहे. दुपारी ठसे जुळवायचं ठरलं. शाई नव्हती म्हणून बाईंनी कुंकवाचा करंडा आणला आणि पहिलं बोट स्वतःच टेकवलं. कागदावर उमटलेला रंग आणि डिस्कवरचा रंग यांत महादेवरावांना तिळाचाही फरक दिसेना. त्यांनी तसं सांगितलं.

“भाऊ, लाल सगळं सारखंच दिसते,” मनोहरराव मायेनं म्हणाले. “तुमचा अभ्यास नाई.”

घड्याळात चार वाजले. बाई कोऱ्या टीव्हीसमोर गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसल्या होत्या, आणि महादेवरावांना पहिल्यांदाच साडूचा मनापासून राग आला.

तेवढ्यात रक्षा हिंगणघाटहून आली. बापाच्या वर्षश्राद्धाला दोन दिवस आधीच निघाली होती. तिनं सगळं ऐकलं, पिशवीची गाठ सोडली आणि डिस्क पाहून आईकडे वळली.

“आई, तू हिलेबी कुंकू लावलं?”

“तुह्ये बाबा हायेत न तिच्यात,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “फोटोले लावतो. मंग हिले काऊन नाई लावाचं?”

“पन या बाजूनं?”

“त्या बाजूले काय लावू? तिकडं नुसतं नाव लिहेल हाय. इकडून तोंड दिसते.”

मनोहरराव पुरावा, पुरावा म्हणत उठेपर्यंत रक्षानं ओढणीचं टोक ओलं करून गुन्हेगार पुसून टाकला होता.

प्लेयरनं पाच मिनिटं विचार केला. मग बँड वाजला, घोडा आला, पंगत बसली. आणि बुंदीची बादली घेतलेला एक उंच माणूस कॅमेऱ्यासमोर येऊन थबकला, वैतागला.

“माह्यं काय काढतं बे?” तो म्हणाला. “रक्षाच्या मायले काढ. सकाळपासून उपाशी हाय थे. पोरीच्या नादात कोनाच्या ध्यानातच नाई.”

कॅमेरा लगेच वळला. रक्षानं पुढची चाळीस मिनिटं भराभर पळवून पाहिली; तो माणूस कुठंच नव्हता.

शकुंतलाबाई हसत होत्या आणि रडत होत्या. त्या दिवशी आपण उपाशी होतो हे आपण कुणालाच सांगितलं नव्हतं, असं त्या पुन्हापुन्हा सांगत होत्या. “मले वाटे, याईचं ध्यानच नसते,” त्या म्हणाल्या. “अकरा वर्सं मले तसंच वाटे.” रक्षानं चित्र पुन्हा मागं नेलं. बादली आली, माणूस थबकला, वैतागला. मग पुन्हा. मग आणखी एकदा.

पावणेपाचला महादेवरावांचा फोन वाजला. रुपेश. यवतमाळवाला दारात उभा होता, प्लेयर घेऊन लगेच निघा म्हणत होता. महादेवरावांनी साडूकडे पाहिलं. मनोहररावांनी नाक पुसलं, फोन मागून घेतला आणि घसा खाकरला.

“खाजगी गुप्तहेर मनोहरराव बोलून राह्यलो,” ते म्हणाले. “यंत्र आम्ही जप्त केलं हाय. तपास लय दिवस चालनार हाय.”