दसऱ्याच्या मोटारीचा उजवा तुंबा सर केला त्याची बखर

श्री. लोखंडास ताठा आणि तेलास नम्रता ज्याने दिली त्यास आधीं वंदन असो. शके १८५४ अंगिरा नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, रविवार, सकाळचे नऊ वाजून सतरा मिनिटें, कारखान्यांत माणसें नऊ आणि पूजेंत मांडिलेलीं हत्यारें एकशें त्रेचाळीस असतां जें वर्तमान जाहलें तें येथें क्रमानें लिहिलें असे.

राज्य लहान, परंतु महाराज हौशी. अकरा वर्षांमागें त्यांणीं विलायतेहून बारा पेटारे आणविले, त्यांत एक मोटार सुटी सुटी भरलेली, आणि संगतीं जोडणीच्या आकृती. मग कारखानीस सखोपंत यांणीं आकृती भिंतीस लावून, एकेक भाग मोजून, सात महिन्यांत मोटार उभी केली, आणि तेव्हांपासून प्रतिवर्षीं दसऱ्याचें सीमोल्लंघन महाराज त्याच मोटारींतून करीत आले. यंदा नवमीच्या सकाळीं मोटार चौकांत फिरवून पाहिली तों मागील दोन्ही चाकांतून घरघर ऐसी निघाली कीं पारव्यांनीं छप्पर सोडिलें. दिवाण भुजंगराव सदरेवर दांत कोरीत उभे होते ते बोलिले, "पंत, मोटारींत जातें बसविलें काय? ज्वारी पाठवितों, संध्याकाळपर्यंत दळून ठेवा." आणि इतक्यावर न राहतां हुजूर जाऊन अर्ज केला कीं, ही जुळविलेली मोटार जुनी जाहली, उद्यां चार वाजतां ती आपल्या चाकांनीं शीव न ओलांडील तर कारखान्यास कुलूप घालावें, जागा पागेस द्यावी, आणि नऊही माणसें लीद उपसावयास लावावीं. महाराजांस मोटार प्रिय, परंतु दिवाणजींचा स्वर मोठा, याकरितां त्यांणीं खिडकीबाहेर पाहत "बरें" ऐसें म्हटलें. सखोपंतांनीं तें ऐकिलें, आणि पगडी सारखी करून कारखान्यांत आले.

पाहणी करितां निदान स्पष्ट जाहलें. मागील आंसाचीं बेअरिंगें झिजलीं होतीं. नवीं बेअरिंगें चौथ्या पेटाऱ्यांत मेणकागदांत जपून ठेविलेलीं होतीं, तीं मिळालीं. परंतु बेअरिंगापुढें हब, म्हणजे बैलगाडीच्या चाकास जो तुंबा असतो तोच लोखंडी, आणि तो आंसाच्या निमुळत्या टोंकावर घट्ट बसलेला, तो निघाल्यावांचून आंत हात पोंचत नाहीं. किल्ल्याचा दरवाजा पडल्यावांचून खजिना दिसत नाहीं, तैसेंच हें. आणि अडचण दुसरी ही कीं तो दिवस खंडेनवमीचा, सर्व हत्यारांस हळदकुंकू लागलेलें, आणि उत्तरपूजा होईपर्यंत पूजेंतलें हत्यार उचलूं नये ऐसा कारखान्याचा शिरस्ता. तेव्हां लोहार रखमाजी, जो बाहूंनीं रेडा आणि स्वभावानें वासरूं, तो म्हणाला, "पंत, म्या देवाला समजावतो. एक पान्हा द्या फकस्त. महाराजबी देवाचंच लेकरूं, त्येच मोटारींत बसत्यात की." सखोपंत म्हणाले, "रखमाजी, शिरस्ता आपणच घातला, आपणच मोडिला तर दिवाणजींस कुलूप आणावयाचेही श्रम नकोत. हातांनीं जें होईल तें करूं." मग नऊ जणांनीं खांदे लावून मोटारीचा मागील भाग उचलिला आणि खालीं सागवानी ओंडके सारिले, आणि तुंब्यांच्या तोंडांवरचीं टोपणें बोटांनीं फिरवून काढिलीं, आणि दोन्ही तुंब्यांच्या सांध्यांत रॉकेल व पातळ तेल मिळवून दर प्रहरीं ओतीत राहिले. दिवाणजी जातां जातां डोकावून बोलिले, "हत्यारें पाटावर आणि मोटार बाजेवर! वैद्य कोण, तेल कसलें?"

दशमीस सूर्योदयीं उत्तरपूजा जाहली, आणि हत्यारें मोकळीं होतांच मोहीम सुरू केली. चाकें उतरविलीं, आंसाच्या टोंकाची कॉटर पिन, म्हणजे नट अडकवून धरणारी खीळ, ओढिली, नट सैल केला. रखमाजी तो नट काढून फेंकणार, इतक्यांत सखोपंत ओरडले, "थांबा! चार आटे अडकून राहूं द्या. तुंबा सुटतो तेव्हां तोफेच्या गोळ्यासारिखा सुटतो. दाराशीं दिवाणजी उभे आहेत, त्यांच्या पगडीस लागेल."

"मंग काढूनच टाकतो की, पंत," रखमाजी म्हणाला, आणि सर्व कारखाना हांसला, आणि दिवाणजी चार पावलें मागें सरले.

मग पुलर, म्हणजे ओढून काढावयाचें यंत्र, डाव्या तुंब्यास जोडिलें, मधला स्क्रू आंसाच्या टोंकावर टेंकविला, दोघांनीं लांब दांडा धरून पीळ दिला, आणि रखमाजीनें स्क्रूच्या माथ्यावर घणाचा एक नेमका ठोका दिला, तों डावा तुंबा आठ वाजून बारा मिनिटांनीं शरण आला. बेअरिंगाची आंतली कडी आंसास चिकटून बसली होती, तीस छिन्नीनें चीर पाडून मोकळी केली. नवें बेअरिंग तेलांत तापवून फुगविलें, आणि तें आंसावर अलगद जाऊन बसलें, जैसा जांवई पाटावर. दहास डावी बाजू फत्ते.

उजवी बाजू मात्र हटेना. तोच पुलर, तेच दोघे, तोच घण. पीळ देतां देतां पुलराचा एक पाय वांकला, तो सरळ करून पुन्हा लाविला. ज्योतीनें तुंबा तापविला, आंस थंड राखिला, पुन्हा ठोका दिला. केसभरही हालचाल नाहीं. अकरा वाजले, रखमाजीचा सदरा भिजला, आणि सखोपंत पुनःपुन्हा त्या सांध्याकडे पाहूं लागले कीं दोन्ही बाजू एकाच दिवशीं जोडिल्या, एकच तेल, मग एक शरण आणि एक बंडखोर कां? तेव्हां चिमाबाई, ज्या कारखान्याची पूजा मांडीत, त्या फुलांची परडी घेऊन येतां येतां थबकल्या आणि म्हणाल्या, "अहो पंत, अकरा दसरे ह्याच तुंब्यावर नारळ फोडून पाणी ओततां. गंज चढणार नाहीं तर काय तुळस उगवेल?" सर्वांच्या नजरा भिंतीकडे गेल्या. भिंतीवर पूजेचे नियम सखोपंतांच्याच सुंदर अक्षरांत लिहिलेले, त्यांत पांचवा नियम ऐसा कीं, 'नारळ उजव्या मागील चाकाच्या मध्यावर फोडावा, पाणी तेथेंच मुरूं द्यावें.' पंतांनीं टोपण बोटांनीं बसविण्याजोगें सैल ठेविलें होतें, पाणी त्यांतूनच आंत शिरलें, आणि तीही त्यांचीच योजना. ते उठले, पांचव्या नियमावर काट मारिली, आणि म्हणाले, "दोष माझा. लोखंडाचा नव्हे, तुमचाही नव्हे." रखमाजी हळूच म्हणाला, "पंत, नारळ तर म्याच फोडत हुतो. निम्मा माझा."

मग पंतांनीं विचार केला कीं घणानें घाई केली तर आंस वांकेल आणि सर्वच जाईल. गंजास जोर नको, ताण आणि वेळ पाहिजे. पुलरास शेवटचा पीळ देवविला, ऐसा कीं दांडा गुणगुणूं लागला, पुन्हा तेल सोडिलें, आणि आज्ञा केली कीं सर्वांनीं जेवावयास बसावें. पंक्ति तेथेंच मांडिली, श्रीखंडपुरी वाढिली. इतक्यांत दिवाणजी आले. साडेबारा जाहले होते.

"शीव चार वाजतां आहे आणि तुम्ही पुऱ्या मोजतां? हीच का तुमची विद्या?"

"बसा, दिवाणजी," पंत म्हणाले. "ताण आंसास दिला आहे, आपणांस नाहीं. श्रीखंड घ्या."

दिवाणजींस केशर आवडे, ते नाइलाजानें पाटावर बसले, आणि दुसरा घांस घेतात तों मागें धडाड ऐसा आवाज जाहला कीं वाट्या उडाल्या, आणि दिवाणजी पाटाखालीं डोकें घालूं पाहते जाहले, आणि म्हणाले, "तोफ कोणीं डागली? परचक्र आलें काय?" रखमाजी उष्ट्या हातानेंच नाचत म्हणाला, "तुंबा आला, सरकार! तुंबा!" नटाच्या चार आट्यांनीं तो झेलून धरिला होता, कोणास ओरखडा नाहीं. सखोपंतांनीं मात्र पानांतलें संपविलें, आणि मग उठले.

पुढें वेळ धांवूं लागला, परंतु हात चुकले नाहींत. कडी चिरली, आंसावरील गंज बारीक कागदानें घांसला, बेअरिंग तापवून बसविलें, ग्रीस भरिलें, नट आवळला, नवी कॉटर पिन घातली, आणि टोपणाखालीं चामड्याची चकती बसविली कीं पुढें पाणी आंत न शिरावें. तीन वाजून दहा मिनिटांनीं चाकें भुईस लागलीं. महाराज येऊन बसले, आणि घरघर ऐकण्याकरितां म्हणून दिवाणजींस मागील आसनीं, उजव्या चाकावर, बसविलें. शिवेकडे उतार, तेथें इंजिन मंदावलें, आणि दिवाणजी कान बाहेर काढून, पगडी धरून, बराच वेळ ऐकत राहिले, आणि अखेरीस चिंतेनें विचारिते जाहले, "महाराज, मोटार बंद पडली काय?"

महाराज म्हणाले, "दिवाणजी, मागें पहा. शीव केव्हांच गेली."

सारांश, नारळाच्या पाण्यानें जें धरिलें तें ताणानें आणि धीरानें सुटलें, आणि कुलूप दिवाणजींच्या फडांतच राहिलें. मोटार शिवेपलीकडे साडेतीन कोस गेली.