दुसऱ्या वाचनाची वाट

संकट कितीही घाईत असले तरी कार्यालयाने घाई करू नये, हे सुसंस्कृत समाजाचे लक्षण आहे. आमच्या गावच्या त्सुनामी इशारा केंद्रात ते ठळकपणे दिसे.

किनाऱ्याची जमीन किती सरकली हे उपग्रहांमुळे सेकंदासेकंदाला कळते आणि त्यावरून लाट केवढी येणार, हे तीन मिनिटांत. पुढची सदतीस मिनिटे इशाऱ्याच्या मसुद्याला लागतात. (‘पळा’ हा शब्द उद्धट वाटतो, म्हणून तो सध्या उपसमितीकडे आहे.) शिवाय यंत्राच्या पहिल्या वाचनावर विश्वास ठेवायचा नाही, दुसरे येऊ द्यायचे, असा नियम. लाट पंचविसाव्या मिनिटाला पोचते, हा लाटेचा उतावळेपणा.

बाबा तिथे यंत्रावर बसत. त्या मंगळवारी, म्हणजे आमच्या शेवटच्या साध्या दिवशी, केंद्राच्या गच्चीवरचा, उपग्रहांकडून जमिनीची जागा टिपणारा अँटेना समुद्राकडे चार सेंटीमीटर सरकल्याचे त्यांना दिसले. त्यांनी सरळ भोंगा वाजवला. अकरा मिनिटांत सगळे गाव टेकडीवर. (पैकी अर्धी दाढी झालेले तीन; नवऱ्याला विसरून मिक्सर घेऊन आलेल्या बाई एक.) लाट काही आली नाही. पहारेकऱ्याने अँटेनाच्या खांबावर ओली सतरंजी वाळत घातली होती, असे चौकशीत निष्पन्न झाले.

बाबांना त्याच संध्याकाळी ‘कारणे दाखवा’ नोटीस मिळाली. माझी भाषा बरी, म्हणून उत्तर मी लिहिले: ‘यापुढे दुसरे वाचन आल्याखेरीज मी कोणासही घाबरवणार नाही.’

सही करताना ते म्हणाले, “झकास लिहिलंस गं. वाचून माझी मलाच लाज वाटली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांनी छातीवर हात ठेवला. जरा दडपल्यासारखे होतेय म्हणाले. कपाळावर घाम होता. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी बोट वर केले.

“थांब. दुसरं वाचन येऊ दे.”

आम्ही दोघेही हसलो. दुसरे वाचन पंचविसाव्या मिनिटाला आले.

केंद्राने शोकप्रस्ताव एकमताने मंजूर केला. (दोन वाचनांनंतर.)

हे टिपण वाचायला तीन मिनिटेही लागत नाहीत. एवढ्यात आपल्या घरी कोणी छाती चोळत ‘काही नाही गं’ म्हणाले असेल, तर माझे शब्द उसने घ्यावेत. मला ते जरा उशिरा सुचले. काल बाबांचा डबा आणायला केंद्रात गेले, तेव्हा गच्चीवर जाऊन अँटेनासमोर मोठ्याने म्हणून पाहिले:

“बाबा, दुसरं वाचन गेलं खड्ड्यात. चपला घाला. चला.”