जिवंत माणसाची गाडी नको

दादा परुळेकर जिवंत माणसाची गाडी विकत घेत नाहीत.

"जिवंत माणूस गाडी का विकतो?" ते विचारतात. "ती त्रास देते म्हणून. मेलेल्याला विकायचीच नव्हती रे! पोरगा परदेशात, बाप वर, गाडी खाली. झकास माल असतो."

दादा आमच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. आता निवृत्त झालेत, लालबागच्या चाळीत एकटे राहतात. लग्न केलं नाही. खोली एवढीशी, पण चाळीच्या भिंतीला लागून गाडी कायम उभी. आणि गाडीला नाव आधीच्या मालकाचं. ऑफिसात नवीन आलेल्या माणसाला त्यामुळे घाम फुटायचा. "आज लवकर निघतो, डॉक्टरांचा सायलेन्सर पडलाय," असं दादा साहेबांना बिनदिक्कत सांगत. एकदा फोनवर ओरडत होते, "अरे, सबनीसबाईंना मागून धक्का दिल्याशिवाय त्या हलायच्या नाहीत!"

मालकाने गाडीत जे जसं लावून ठेवलंय, ते दादा बदलत नाहीत. का, म्हणून विचारलं तर, "सवय आहे तिला." डॉक्टर बुटके होते, दादा ताडमाड. सीट पुढेच राहिली आणि दादांनी ती गाडी गुडघे कानाशी घेऊन चालवली. तरी त्यांच्या मते आयुष्यातली सगळ्यात चांगली गाडी तीच. "डॉक्टर कधी चिडले नाहीत. फक्त हॉस्पिटल आलं की हळू व्हायचे."

मला ही थाप वाटायची. परळच्या हॉस्पिटलांपाशी कोणाची गाडी हळू होत नाही? पण एकदा सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. रस्ता मोकळा होता. दादांचा पाय ॲक्सिलरेटरवर होता, तो मी बघतच होतो. गाडी हळू झाली. हॉस्पिटलचं गेट मागे पडलं आणि तिने पुन्हा वेग घेतला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

सगळ्यात वाईट गाडी म्हणजे कामेरकर. निळी. तिचा आतला आरसा असा वाकडा, की मागचा रस्ता दिसायचाच नाही, दिसायचा फक्त मागच्या सीटचा डावा कोपरा. आणि दर रविवारी संध्याकाळी ती परळच्या एका जुन्या इमारतीसमोर बंद पडायची. इतर दिवशी तिथूनच सुरळीत जायची. चिंचपोकळीच्या मेकॅनिकने तिचं सगळं उघडून पाहिलं. "दादा, गाडी एकदम ओके आहे," तो म्हणाला. "तुम्ही रविवारी दुसऱ्या रस्त्याने जा ना."

दादा गेले नाहीत.

एका रविवारी मला दादरला जायचं होतं. "चल, सोडतो," म्हणाले. परळला त्या इमारतीसमोर इंजिन गपकन बंद झालं. मी दार उघडायला गेलो तर दादांनी माझा हात धरला. "बसून राहा. पहिल्यांदा मीपण घाबरलो होतो."

गेटातून एक म्हाताऱ्या बाई आल्या. चापूनचोपून नेसलेलं पातळ, हातात काठी. त्यांनी मागचं दार उघडलं, डाव्या कोपऱ्यात बसल्या आणि काठी आडवी ठेवली. त्या वाकड्या आरशात त्यांचा चेहरा अगदी बरोबर मधोमध आला.

"उशीर केलास, सुधीर."

"हो आई," दादा म्हणाले. "लालबागला ट्रॅफिक होतं."

किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"हा कोण?"

"ऑफिसातला आहे, आई."

"जेवलाय का विचार त्याला."

मी दादरला उतरलोच नाही, उतरायचं सुचलंच नाही. दादांनी त्यांना वरळीच्या समुद्रावर नेलं, काचा खाली केल्या आणि कणीस घेऊन त्याचे दाणे सोलून एकेक करून त्यांच्या तळहातावर ठेवले. परत सोडताना वरच्या गॅलरीतून एका बाईने हात केला. सुधीर कामेरकरची बायको.

"आईंना खरं सांगून पाहिलं तिने," दादा नंतर मला म्हणाले. "त्या विसरतात. आणि पुन्हा सांगितलं की पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडतात. किती वेळा मारायचा रे एकाच पोराला?"

त्यानंतर मीही अधूनमधून त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. आई दर वेळी मी जेवलोय का ते विचारायच्या.

मग एका रविवारी गाडी परळला थांबलीच नाही. इमारत आली, दादांनी स्टिअरिंगवरचे हात सैल केले, पण इंजिन गुरगुरत राहिलं आणि आम्ही सरळ पुढे गेलो. दादांनी ब्रेकसुद्धा दाबला नाही. थेट दादरला पोचल्यावर त्यांनी गाडी वळवली. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

सुधीरची बायको गेटातच उभी होती.

"आई पहाटे गेल्या," ती म्हणाली. "त्यांना दाखवायला बरं पडावं म्हणून तुमचा नंबर मी फोनमध्ये ह्यांच्याच नावाने ठेवला होता. आज ते नाव बघून फोन लावायला बोट उचललं गेलं नाही."

दादांनी मान डोलावली. वर जाऊन आले. गाडीत बसले आणि बराच वेळ किल्लीला हात लावला नाही.

"माझ्यामागे कोण घेईल रे ही गाडी?" अचानक म्हणाले.

"घेईल कोणीतरी. तुम्हीच म्हणता ना, झकास माल."

"घेईल. पण ती थांबणार कुठे? थांबायला कोणीतरी वाट बघणारं लागतं. माझी गाडी म्हणजे नुसती पळत राहील, बिचारी."

त्यांनी मला गिरगावात घरी सोडलं आणि निघून गेले.

पुढच्या रविवारी संध्याकाळी खालून हॉर्न ऐकू आला. मी गॅलरीतून वाकून पाहिलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी निळी गाडी, आणि दादा खिडकीतून मान बाहेर काढून वर बघत होते.

"बंद पडली रे इथे!" ते ओरडले.

इंजिन चालू होतं. वरपर्यंत ऐकू येत होतं.

"चहा टाक," मी आत बायकोला सांगितलं आणि खाली गेलो.