आप्पांचा अर्धा विनोद

आमच्या गल्लीतल्या आप्पा मगदूमांचे विनोद कधी पुरे होत नाहीत. तालमीच्या कट्ट्यावर हा माणूस हसवून हसवून जीव काढतो, पण त्यांची बायको, सुमनकाकी, पिशवी घेऊन येताना दिसली की विनोद तिथंच खलास! "वांगी कशी दिली गं?" घ्या आता!

आणि एका जागी बसतील तर शपथ. दुपारभर घरात येरझाऱ्या. ताट वाजव, रेडिओ मोठा कर, "ऊठ गं, चहा ठेव" चालूच. आमच्या दुपारच्या झोपेचं त्यांनी पार वाटोळं केलंय. मी मनातल्या मनात लई शिव्या घातल्यात.

परवा मात्र हद्द झाली. आप्पा कट्ट्यावर सांगत होते, "पुण्याचं पावणं दुधाच्या कट्ट्यावर आलं. समोर म्हशीची धार काढाय लागलेत. तरी पावण्यानं इचारलं, दूध ताजं हाय का? तर म्हशीवाला म्हणाला..." आणि आल्या काकी! आप्पा उठून चालायला लागले.

मला कुठला दम निघतोय? थोड्या वेळानं गेलोच घरी. "आप्पा, शेवट सांगा, मगच जातो."

"गप की लेका!" आप्पा कुजबुजले. भाजी निवडता निवडता काकी बसल्या जागी झोपल्या होत्या.

"डॉक्टर म्हणला, माणसाला जागं ठेवणाऱ्या पेशी असत्यात मेंदूत. हिच्या गेल्यात. म्हणून अशी झोपती. आणि खदखदून हसली की अंगातलं बळच जातंय. मागं माझ्याच विनोदावर गॅसपाशी पडली, हात भाजला." त्यांनी ताट वाजवलं. "आता हिची पेशी मीच."

काकी जाग्या झाल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सारी गल्ली हसती, मीच न्हाय हसायचं व्हय? हसायलाच तर केलतं की लगीन ह्यांच्यासंगं!"

आप्पांनी दोन येरझाऱ्या घातल्या. मग गादी अंथरली, उशा लावल्या, काकींना बसवलं आणि त्यांच्या मानेखाली हात धरला.

"म्हशीवाला म्हणाला, शंका असंल तर तारीख बघा, शेपटीखाली छापलीया!"

काकी अशा हसल्या! आणि मान सैल पडली, हात गळाले. ऐकू सगळं येत होतं त्यांना, नुसतं हलता येत नव्हतं. मी हसायचंच विसरलो. "हाय मी, हाय हितंच," म्हणत आप्पा त्यांना धरून बसले. त्यांना एवढं स्थिर बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

जीभ वळायला लागली तशी काकी म्हणाल्या, "आता दुसरा सांगा."