भागानानांचा अंगठा

भागानानांशी हात मिळवायचा नाही, हे आमच्या गावात पाहुण्यांना आधीच बजावतात. कारण हात हातात आला की नाना त्याची धार काढतात! स्वतःचा अंगठा आत मुडपून असा पिळतात, की नव्या जावयाच्या डोळ्यांत पाणी येतं. वर विचारतात, "लई मऊ हाय हात. बँकेत हाय व्हय?"

शेजारी म्हणून मी हे निमूट सोसत आलो. पण मध्यंतरी नानांचा अंगठा मुडपलेलाच राहायला लागला. दुसऱ्या हातानं ओढला की खट्कन सुटायचा. तो आवाज ऐकून मीच माझा अंगठा मुठीत लपवायचो. नानांना घोर एकच, चंद्रीची धार कोण काढणार? काकू गेल्यापासून घरात बोलायला नानांना ही गायच. ती दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नाही. मला तिनं एकदा उकिरड्यात बसवलं होतं.

सावेडीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगठा मुडपून धार काढता ना? अंगठा वाकवणारी शीर ज्या नळीतून सरकते ती जाड झालीय." जागा बधिर करून त्यांनी नळी मोकळी केली आणि अंगठा हलवून दाखवायला सांगितलं. नानांनी सरळ बाईंची बोटं धरून धार काढली. किंकाळी ऐकून बाहेर बाकावर बसलेला मी ताडकन उभा राहिलो.

"झ्याक सुटला, बाळासाहेब!" नाना आतून ओरडले.

पण काही आठवडे धार काढायची नाही, हे ऐकून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. घरी येईपर्यंत माझ्या स्कूटरवर मागे बसून ते हाताच्या पट्टीकडेच बघत आले.

संध्याकाळी चंद्री हंबरायला लागली. लाथ खायच्या तयारीनं मी गोठ्यात शिरलो आणि जागीच थिजलो. गाईखाली रामभाऊ! नानांचे धाकटे भाऊ. बांधावरून भांडण झाल्यापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. "मेलो तर खांद्याला येऊ नको" इथवर गेलेलं. आणि चंद्री चक्क शांत उभी! मग दिसलं, रामभाऊंचाही अंगठा आत मुडपलेला. वडिलांनी दोघांना एकाच गाईखाली बसवून शिकवलेली धार ती. चंद्रीला हा हात परका वाटलाच नाही.

खांबाआड नाना उभे होते, पट्टी बांधलेला हात छातीशी धरून. मला वाटलं, आता कुऱ्हाड निघणार.

"आरं येड्या," नाना ओरडले, आणि त्यांचा आवाज फाटला, "अंगठा भाईर ठेव! लई दुखतं रं पुढं."

रामभाऊंनी मान वर केली नाही. अंगठा मात्र बाहेर काढला, तशी चंद्री बिचकली. नाना पुढे झाले आणि चांगल्या हातानं तिची पाठ थोपटत भावाजवळ उभे राहिले.