फूट शब्दाची बंदी आणि गोजराबाईंचा ओटा

देवास नमन, वाचणारांस दीर्घायुष्य. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरी या राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे. ते समयी घरोघरी महाजाल पोहोचले होते आणि त्या जाळ्यावर गोजराबाई कासार यांचा ओटा नामांकित होता. ओटा म्हणजे चारचौघांनी येऊन लिहिण्याची जागा. यंत्र बाईंच्या माळ्यावर, वीज बाईंची, बसणारे मात्र अवघे शहर. भांडी विकोन मिळाला नाही तो लौकिक बाईंस ओट्याने दिला आणि त्याचा अभिमान त्या लपवीतही नव्हत्या. मग दरबारी दोघा मंत्रियांचे बिनसले आणि लोक ओट्यावर लिहू लागले की दरबारात फूट पडली. हे कानी जाताच महाराजांची मर्जी खपा जाहली आणि आज्ञा सुटली की फूट हा शब्द जाळ्यावर दिसो नये. त्र्यंबकपंत जाळनवीस यांनी यंत्रोयंत्री चाळणी बसविली आणि रयतेच्या शुद्धलेखनाचा भरवसा नाही म्हणोन ऱ्हस्व व दीर्घ दोन्ही गाळले. मग काय विचारता! फुटाणेवाल्याचे दुकान जाळ्यावरोन गडप जाहले, दहा फूट दोरी नाहीशी जाहली, एका नवकवीची पालवी फुटता फुटता राहिली. बाई हसल्या आणि दरबारचा मान राखोन गप्प बसल्या. परंतु वेशीपाशी पाण्याचा थोरला नळ फुटला आणि लोकांनी ओट्यावर लिहिले, "नळ फुटला, धावा!" ते उमटताच गडप, पुन्हा लिहिले, पुन्हा गडप, आणि पाणी ओढ्यास मिळोन निम्मे शहर तहानेले राहिले. तेव्हा बाईंस आपल्या गप्प बसण्याची बहुत लाज वाटली आणि पदर खोचोन त्या माळ्यावर चढल्या व चाळणी काढोन टाकिली.

मग पंतांची स्वारी कारकून व शिपाई घेऊन दारी आली आणि सांगितले की चाळणी परत बसवा, न बसवाल तर यंत्र जप्त. गल्ली जमली. बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यंत्र माझं आहे. घरात पाऊल टाकायचं नाही." पंत हसोन बोलिले, "बाई, आपणही पुसताच की! या दामू तांबोळ्याच्या शिव्या परवा कोणी पुसल्या? आपण पुसलेले चालते आणि दरबारने पुसले की झोंबते?" हा वार वर्मी लागला. दामू गर्दीतच उभा होता, त्याने मान डोलविली. यंत्र आता जाते ऐसेच बाईंस वाटले. मग सावरोन म्हणाल्या, "पुसल्या. माझ्या ओट्यावरच्या पुसल्या, आणि त्या जागी 'पुसले, गोजरा' असं लिहिलं. दामूला राग आला तर तो माझ्या दारात येऊन भांडेल, नाहीतर स्वतःचा ओटा बांधेल. तुम्ही सगळीकडचं पुसलंत, तर त्यानं जायचं कुठं? तरी बसवा चाळणी. पण पुसाल तिथं पुसणाऱ्याचं नाव लिहा. नळाच्या बातमीपासून सुरुवात करा. लिहा, 'पुसले, त्र्यंबकपंत'."

"लिहा, पंत, लिहा!" ऐसा गल्लीने एकच गिल्ला केला. पंतांचे घरीही सकाळपासोन थेंब नव्हता. पंतांनी कारकुनाकडे पाहिले, कारकुनाने शिपायाकडे, शिपायाने आभाळाकडे. "हुकूम दरबारचा, माझे नाव कशास?" ऐसे पंत पुटपुटले. बाई म्हणाल्या, "मग महाराजांचं नाव आणा." पंत गेले आणि हकीकत हुजुरास निवेदन केली. महाराजांनी लेखणी उचलिली, नळाची बातमी वाचिली, लेखणी ठेविली आणि बंदी उठविली. शहरात आनंद जाहला, गोजराबाईंची मान ताठ जाहली, ती ताठच राहिली.

त्याच सायंकाळी दामूने ओट्यावर लिहिले, "गोजराबाई स्वतःला राणी समजतात." बाईंनी पुसले आणि खाली नाव घातले. दामूने संतापोन आपला ओटा बांधिला आणि तेच वाक्य तेथे दुप्पट मोठ्या अक्षरांत लिहिले. बाई पाहावयास गेल्या. सवयीने बोट पुसावयास उठले, परंतु ओटा दामूचा होता. बाईंनी हात मागे घेतला, वाक्य दोनदा वाचिले आणि खाली लिहिले, "जागा झकास आहे रे दामू. पाहुणी म्हणून येत जाईन."

सारांश, राज्यात शब्द परतला, नळ सांधला गेला, आणि जेथे एक ओटा होता तेथे दोन जाहले. येथे लेखणी थांबली.